टॅग कशावर चिकटवणार, ते आधी सांगा

या खेपेची पत्रं आरएफआयडी टॅगबद्दलची, म्हणजे रेडिओलहरींनी न टेकवता वाचता येणाऱ्या चिपच्या टॅगबद्दलची आहेत. सोसायटीचं फाटक, राजवाड्याजवळचं साड्यांचं दुकान, वाचनालय, पिथमपूरचा कारखाना, गाडीची काच, घरातला कुत्रा: सगळीकडे शब्द तोच, वस्तू मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. बऱ्याच जणांनी टॅगमधल्या चिपचं नाव आवर्जून कळवलंय, पण टॅग चिकटवलाय कशावर ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी ते आधी लिहा, निम्मं उत्तर तिथंच सापडतं.

प्रश्न : सोसायटीच्या फाटकासाठी नवी पातळ कार्डं घेतली. जुनी जाड कार्डं चालतात, नव्यांपैकी एकही चालत नाही. शिवाय कार्डावर छापलेला नंबर आणि कॉम्प्युटरमधला नंबर जुळत नाही. (तिलकनगर)

खोलीतला दिवा घालवा आणि पांढऱ्या कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरा. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं, शेकडो वेढ्यांचं, जवळजवळ भरीव दिसणारं कडं दिसलं तर कार्ड १२५ किलोहर्ट्‌झचं. कडेकडेनं फिरलेले चार-पाच सुटे वेढे दिसले तर बहुधा १३.५६ मेगाहर्ट्‌झचं. वेटोळं नाहीच, नुसती नागमोडी पट्टी आणि मधोमध छोटा फास असेल तर ते यूएचएफ, म्हणजे याहून कितीतरी वरच्या वारंवारतेचं. तुमची जुनी जाड कार्डं पहिल्या जातीची असणार आणि नवी दुसऱ्या. एका जातीचा रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, दुसऱ्या जातीचं कार्ड वाचत नाही. हा बिघाड नाही, दुकानदारानं दिलेला माल चुकलाय. बदलून घ्या.

वारंवारता कमी तर वेढे जास्त, असा साधा हिशेब आहे. कार्डातल्या वेटोळ्याला आणि चिपमधल्या कपॅसिटरला मिळून रीडरच्या वारंवारतेशी सूर जुळवावा लागतो. १२५ किलोहर्ट्‌झला त्यासाठी शेकडो वेढे लागतात, १३.५६ मेगाहर्ट्‌झला चार-पाच पुरतात.

नंबराचं कोडं सोपं आहे. कार्डावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ००१२३४५६७८ आणि त्याशेजारी १८८,२४९१०. हे दोन नंबर नाहीत, एकाच नंबराची दोन रूपं आहेत. १८८ ला ६५,५३६ नं गुणा आणि त्यात २४,९१० मिळवा, बरोबर १,२३,४५,६७८ येतात. तुमचं सॉफ्टवेअर यातलं एक रूप मागतंय आणि वॉचमन दुसरं भरतोय. सेटिंगमध्ये रूप बदला, कार्डं बदलू नका.

एक सावधगिरी. १२५ किलोहर्ट्‌झच्या ईएम४१०० जातीच्या कार्डात नुसता क्रमांक असतो, कुलूप नसतं. टी५५७७ नावाच्या पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्डावर त्याची नक्कल मिनिटभरात होते. १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या मायफेअर क्लासिक कार्डाचं कुलूपही २००८ मध्ये फुटलं. त्याच वारंवारतेचं डेसफायर कार्ड भक्कम आहे, पण रीडर त्याची किल्ली तपासत नसेल, नुसता वरचा क्रमांक वाचून दार उघडत असेल, तर ते तिजोरी आणून कुलूप न लावण्यासारखं झालं. बसवणाऱ्याला हे एवढं एकच विचारा.

प्रश्न : आमचं साड्यांचं आणि तयार कपड्यांचं दुकान आहे. स्टॉक मोजायला टॅग लावायचे आहेत. एक जण ड्राय इनले देतो म्हणतो, दुसरा वेट इनले, तिसरा लेबल. फरक काय? आणि नमुन्याच्या रिळातले टॅग लावून स्टॉक मोजला तर दीडशे नगांचे अकराच दाखवतो. (राजवाडा)

आधी तुमच्या हातातलं लेबल सोलून बघू. वरचा कागद हळूच काढलात की आतल्या पारदर्शक पॉलिस्टरवर चंदेरी नक्षी दिसेल. हे पॉलिस्टर साधारण ५० मायक्रॉनचं असतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा दहाएक मायक्रॉनचा थर. कारखान्यात आधी सगळ्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवतात, हवी ती नक्षी शाईनं झाकतात आणि उरलेला धातू रसायनानं खाऊन टाकतात. तांब्याचीही नक्षी करतात, चांदीच्या शाईनं छापतातही, पण कपड्याच्या टॅगमध्ये बहुतेक ॲल्युमिनियमच दिसेल.

या नक्षीच्या मधोमध, राईच्या दाण्याहून लहान, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा काळा ठिपका आहे. तीच चिप. ती पालथी ठेवून बसवतात. खाली जो गोंद असतो त्यात धातूचे बारीक कण मिसळलेले असतात. वरखालून साधारण १८० अंशांचा ताप आणि दाब काही सेकंद दिला की ते कण चिपचे उंचवटे आणि ॲल्युमिनियम यांच्यात चेपले जातात. वीज उभी जाते, आडवी जात नाही. टॅगच्या आयुष्याचा हा सगळ्यात नाजूक सांधा. गोंद नीट पिकला नसेल तर टॅग पहिल्या दिवशी झकास वाचतो आणि चार वेळा वाकला की मरतो. म्हणून नमुना तपासताना नुसता वाचून पाहू नका. पन्नास टॅग घ्या, वाचा, जाड पेनाभोवती गुंडाळून सरळ करा, पुन्हा वाचा. हा छळच आहे, कारण माहितीपत्रकात सहसा पाच सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासात वाकवू नका असं लिहिलेलं असतं. पण दोन पुरवठादारांच्या मालातला फरक त्यात लगेच उघडा पडतो.

आता नावं. पॉलिस्टर, अँटेना आणि चिप, एवढंच आणि गोंद नाही, तो ड्राय इनले. कार्डाच्या किंवा पुठ्ठ्याच्या थरांत घालायला तो कारखान्यांना लागतो, तुम्हाला नाही. त्यालाच मागून चिकट थर आणि सुटणारा कागद लावला की वेट इनले. तो आधीच छापलेल्या किमतीच्या पुठ्ठ्यावर मागून लावता येतो. वरून छापता येणारा कागदही चढवला की लेबल. तुम्ही किंमत आणि बारकोड स्वतः छापणार असाल तर लेबल घ्या आणि ज्यात छपाई आणि चिपलेखन एकदम होतं असा प्रिंटर घ्या. न वाचणाऱ्या टॅगवर तो प्रिंटर खूण छापून पुढे सरकतो. मात्र किंमत चिपच्या ठिपक्यावर येणार नाही अशी मांडणी करा. तिथं उंचवटा असतो, अक्षरं फिकी उठतात आणि प्रिंटहेड झिजतो.

नक्षी नागमोडी का, तर आपल्या देशातल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण ३४.६ सेंटिमीटर आहे. सरळ अँटेना करायची तर तिच्या निम्मी, म्हणजे सतरा सेंटिमीटरची पट्टी लागेल, आणि ती ब्लाउजपीसला कोण लावणार? म्हणून दुमडून सात ते दहा सेंटिमीटरमध्ये बसवतात. मधला फास चिपशी विद्युत जोड जमवण्यासाठी असतो. पुठ्ठा कापताना टोकं थोडी छाटली गेली तर टॅग जवळून तरी वाचतो, फास कापला गेला तर संपला. परदेशी साइटवरून मागवताना टॅग ८६० ते ९६० मध्ये चालणारा आहे ना ते पाहा. फक्त अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ साठी जुळवलेला टॅग इथं अंतर घालवतो. आणि अंतर वाढावं म्हणून रीडरच अमेरिकी पट्ट्यावर ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिथं आपल्याकडे मोबाइलच्या लहरी आहेत, आणि ते नियमात बसत नाही.

आता दीडशेचे अकरा का झाले. तुम्ही प्रत्येक टॅगवर फक्त मालाचा बारकोड लिहिलात. एकाच डिझाइनच्या चौदा साड्यांवर तोच आकडा गेला आणि रीडरला त्या एकच साडी वाटल्या. तुमच्याकडे अकरा डिझाइन असतील. टॅगवर प्रत्येक नगाचा वेगळा आकडा हवा. नेहमीच्या टॅगमध्ये ओळख क्रमांकाला ९६ बिट असतात, म्हणजे षोडशमान पद्धतीची २४ घरं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही घरं भरायचे ठरलेले नियम आहेत, मोठ्या ब्रँडना माल देत असाल तर तेच पाळावे लागतील. फक्त स्वतःच्या दुकानापुरतं असेल तर साधी युक्ती अशी: पहिली १३ घरं बारकोड, पुढची ११ घरं नगाचा अनुक्रमांक. तेरा आणि अकरा, चोवीस. वाचताना तुमच्या बारकोडनं सुरू न होणारे आकडे गाळायला सॉफ्टवेअरवाल्याला सांगा. ब्रँडेड शर्टांना कंपनीचे टॅग आधीच असतात, तेही मोजले जातात.

लिहिताना बाकीचं रीळ मीटरभर दूर ठेवा आणि रीडरची ताकद कमी करा. नाहीतर हातातला टॅग कोरा राहतो आणि शेजारच्यावर लिहिलं जातं. चुकीनं कायमचं कुलूप लावू नका, ते उघडत नाही.

शेवटचं साड्यांबद्दल. महेश्वरीच्या जरीच्या काठावर किंवा जरीच्या पदरावर टॅग सपाट पडला की वाचन ढासळतं. जरीचा धागा खरा असो वा धातूचा मुलामा दिलेला, दोन्ही तपासा. टॅग दोऱ्यानं लोंबता ठेवा आणि घडीच्या बाहेर काढा. गठ्ठ्यात सगळ्यांचे टॅग एकाच कोपऱ्यात एकावर एक आले तरी ते एकमेकांना झाकतात, एक आड एक बाजू बदला.

प्रश्न : कारखान्यात डाय (धातूचे साचे) आणि लोखंडी पेट्यांना टॅग लावले. टेबलावर चार मीटरवरून वाचतात, डायवर लावले की रीडर टेकवला तरी नाही. खराब माल आला का? (पिथमपूर)

माल ठीक आहे, जागा चुकली. टॅगजवळ स्वतःची वीज नसते. रीडरच्या लहरीतून चिपला जेमतेम दहा मायक्रोवॉट किंवा त्याहूनही कमी मिळतात, त्यावर ती जागी होते आणि तीच लहर कमी-जास्त परतवून उत्तर देते. धातूच्या पृष्ठभागाला लागून लहरीचं विद्युत क्षेत्र जवळजवळ शून्य होतं, अँटेनातल्या प्रवाहाविरुद्ध धातूत उलटा प्रवाह फिरतो, आणि वर अँटेनाचा सूरही बिघडतो. चिप उपाशी राहते.

हातानं करून पाहा. एक टॅग लोखंडी पेटीवर चिकटवा, वाचणार नाही. मग टॅग आणि पेटी यांच्यामध्ये थर्माकोलचा २ मिलिमीटरचा तुकडा ठेवा, नंतर ५, १०, २० मिलिमीटर, आणि दर वेळी किती अंतरावरून वाचतो ते खडूनं जमिनीवर लिहा. अंतर पायरीपायरीनं परत येताना दिसेल. पेटीला २० मिलिमीटरचा थर्माकोल लावून भागणार असेल तर तोही उपाय आहे, फक्त फोर्कलिफ्ट त्याला महिनाभर ठेवेल का, हा प्रश्न.

धातूसाठीचे टॅग वेगळ्या बांधणीचे असतात. मऊ प्रकारात नेहमीच्या अँटेनाखाली फोमचा थर असतो. कडक प्रकारात सर्किट बोर्डाच्या फायबरवर किंवा सिरॅमिकवर अँटेना असते आणि खालच्या बाजूला धातूचा थर. हे टॅग खालच्या लोखंडालाच अँटेनाचा भाग करून घेतात, म्हणून काही तर हवेत धरले तर कमी वाचतात आणि लोखंडावर जास्त. म्हणजे असा टॅग आला की टेबलावर तपासून ‘वाचत नाही’ म्हणून परत पाठवू नका.

लावताना: पृष्ठभाग थिनरनं पुसा, तेलावर कुठलाही गोंद धरत नाही. कडक टॅगला दोन भोकं असतील तर रिव्हेट किंवा स्क्रू मारा, रिव्हेटची जागा माहितीपत्रकात दिली असेल तिथंच. नळकांड्यावर किंवा गोल दांड्यावर टॅगची लांबी दांड्याच्या लांबीच्या दिशेनं ठेवा, आडवा लावलात तर कडा उचलतात, खाली हवा राहते आणि पहिल्या धक्क्याला निघतो. डायमध्ये शक्यतो मिलिंग करून खळगा करा, पण खळग्याच्या भिंती टॅगपासून चार बाजूंनी सुटलेल्या हव्यात. घट्ट खळग्यात बसवलेला टॅग म्हणजे डब्यात बंद केलेला. बहुतेक टॅगची कामाची मर्यादा ८५ अंश असते. तुमच्या डाय गरम चालतात, म्हणून टॅग तोंडाजवळ न लावता क्लॅम्पच्या प्लेटच्या बाहेरच्या कडेला लावा, आणि तिथलं तापमान मोजल्याशिवाय टॅगची ऑर्डर देऊ नका.

कडक टॅग साध्या लेबलापेक्षा कितीतरी महाग पडतो, म्हणून पाच रुपयांच्या बोल्टांच्या पेटीला तो नाकापेक्षा मोती जड होतो. डायना लावा. पेट्यांना लेबलच लावा, पण झेंड्यासारखं: अर्धं चिकटवलेलं, अर्धं पेटीपासून काटकोनात बाहेर. चिप आणि अँटेना बाहेरच्या अर्ध्यात.

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक खूप आहेत. गठ्ठा रीडरवर ठेवला की काही अंक वाचले जात नाहीत. (स्नेहलतागंज)

वाचनालयात बहुतेक १३.५६ मेगाहर्ट्‌झचे चौकोनी टॅग वापरतात, तुमचेही तेच आहेत. पातळ अंकांचे टॅग अगदी एकमेकांवर आले की त्यांची वेटोळी एकमेकांत गुंततात आणि दोघांचाही सूर रीडरपासून ढळतो. जाड कादंबऱ्यांत हे होत नाही, कारण टॅगमध्ये पानांचं अंतर असतं. अंकांच्या मागच्या मुखपृष्ठाच्या आत, बांधणीजवळ टॅग लावा, पण उंची तीन ठेवा: वर, मध्ये, खाली, आणि दाखल क्रमांकाच्या ओघानं आळीपाळीनं. गठ्ठा पाच-सहा अंकांचाच ठेवा. मुखपृष्ठावर सोनेरी-चंदेरी वर्ख असेल तर टॅग आतल्या शेवटच्या कोऱ्या पानावर न्या. टॅगवर रबरी शिक्का आपटू नका, चिप तडकते. टॅग बांधणीवरून दुमडूनही लावू नका.

अंक बाहेर गेला की आत आहे हे दारातल्या, इशारा देणाऱ्या फाटकाला कळावं म्हणून टॅगमध्ये एक छोटी नोंद असते, ती देवघेवीच्या वेळी बदलते. मजकुराला कुलूप लावताना ही नोंदही कुलुपात गेली तर ती पुन्हा बदलता येत नाही, मग फाटक त्या अंकाला एक तर कायम ओरडेल किंवा कधीच ओरडणार नाही. बारकोड काढून टाकू नका, टॅग मेल्यावर तोच कामाला येतो.

प्रश्न : नव्या गाडीचा फास्टॅग बायपासच्या टोलवर दोनदा-तीनदा पुढे-मागे केल्यावर वाचतो. (सुदामानगर)

फास्टॅग यूएचएफचाच आहे आणि काचेवर चिकटलेला असताना नीट वाचावा असा जुळवलेला आहे. हातात धरून दाखवला तर बोटांमधलं पाणी लहर शोषतं. तुमच्या नव्या गाडीची काच उष्णता परतवणारी असेल तर तिच्यावर धातूचा अदृश्य थर आहे. अशा काचांत आरशामागे थर नसलेला तुकडा सोडलेला असतो, बहुधा काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याजवळ. गाडीच्या पुस्तिकेत तो दाखवलेला असतो, टॅग तिथंच हवा. पण आहे तो सोलून तिकडे लावू नका. सोलताना अँटेना तुटावी अशीच त्याची बांधणी असते, दुसऱ्या गाडीला जाऊ नये म्हणून. नवा मागवा, काच कोरडी पुसा, लावा, आणि जुना पूर्ण खरवडून काढा.

प्रश्न : कुत्र्याला चिप बसवली. माझ्या मोबाइलमध्ये एनएफसी (जवळचा टॅग वाचायची सोय) आहे, तरी वाचत नाही. हरवला तर जागा कशी कळणार? (मल्हारगंज)

जागा कळणार नाही. ती तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, साधारण २ बाय १२ मिलिमीटरची काचेची कुपी आहे. आत फेराइटच्या काडीवर गुंडाळलेली बारीक तार आणि चिप, बॅटरी नाही. ती १३४.२ किलोहर्ट्‌झवर चालते, मोबाइलचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्‌झवर. म्हणून मोबाइल गप्प राहतो. पशुवैद्याकडच्या रीडरवर पंधरा अंक येतील. पहिले तीन ३५६ असतील तर तो भारताचा देशक्रमांक, ९०० च्या पुढचे असतील तर चिप बनवणाऱ्याचा. हे पंधरा अंक आणि तुमचा फोन एखाद्या नोंदवहीत एकत्र नसतील तर कुपीचा उपयोग शून्य, तेव्हा बसवणाऱ्या दवाखान्याकडून नोंद झाल्याची पावती मागून घ्या. रीडर मानेवर फिरवून काही आलं नाही तर खांद्यापर्यंत आणि छातीच्या बाजूंनी सावकाश फिरवायला सांगा, कुपी कातडीखाली थोडी सरकते. आणि गळ्यातल्या पट्ट्याचं धातूचं बक्कल आधी काढा.